सेशन आधी, पॉलिसी नंतर

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३९. नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर, पगार १९,८०० रुपये. ताई घरी शिलाई करतात, त्यातून महिन्याला साडेचार हजार सुटतात. दोन मुलं, मोठी दहावीत. सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण ताईंनीच काढलं. सासरे गेले आणि त्यानंतर ताईंची झोप उडाली. छातीत धडधड, बाजारात गेलं की जीव घाबरा होतो. हृदयाच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी बेळगावातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या (महिन्याला १,१०० रुपये) आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे १२ सेशन घ्यायला सांगितली. एका सेशनचे ९०० रुपये. घरचे म्हणतात, नुसतं बोलायला पैसे कशाला? ओळखीच्या विमा एजंटाने चौघांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एकच आरोग्य पॉलिसी) सुचवली आहे, वर्षाला साधी १९,००० रुपयांना आणि ओपीडीसकट, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांसकट, २७,५०० ला. "यात सगळं बसतं, फक्त फॉर्मवर गोळ्यांचं लिहू नका," असंही तो म्हणाला. सोसायटीत ६०,००० ची ठेव आहे, मुदत संपायला पाच महिने आहेत. ताई विचारतात, ठेव मोडून ओपीडीवाली पॉलिसी घेतली आणि पॉलिसी हातात आल्यावर सेशन सुरू केली, तर चालेल का?

ताई, नको. सेशन याच आठवड्यात सुरू करा, पॉलिसीसाठी थांबू नका. ठेव तशीच राहू द्या. का ते सांगतो.

आधी कायद्याचं बोलू, कारण एजंटाचं "सगळं बसतं" तिथूनच आलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१(४) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की शारीरिक आजारांना ज्या पद्धतीने विमा मिळतो, त्याच पद्धतीने मानसिक आजारांनाही द्यायचा. विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना तसं बजावलं आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा मुदत घालून दिली. हा फार मोठा हक्क आहे आणि तो मिळायला आपल्याकडे उशीरच झाला. पण "त्याच पद्धतीने" हे शब्द नीट वाचा. ताप आला म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन तीनशे रुपये दिले, तर साधी आरोग्य पॉलिसी ते परत देत नाही. दवाखान्यात दाखल झालात तरच देते. मनाच्या आजाराचंही तसंच. दाखल व्हावं लागलं तर विमा आहे, दर बुधवारी तासभर खुर्चीत बसून घेतलेल्या सेशनला नाही. ते ओपीडी झालं.

म्हणून एजंट ओपीडीची जोड देतो. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाचा फोटो मी मोठा करून वाचला. ओपीडीची मर्यादा वर्षाला १०,००० रुपये, तीही चौघांत मिळून. समुपदेशनाची फक्त चार सेशन, ती कंपनीच्या यादीतल्या सायकॉलॉजिस्टकडे, ऑनलाइन. आणि खाली बारीक अक्षरात, आधीपासूनच्या आजाराला ३६ महिने वेटिंग, म्हणजे तोवर त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. तुमचा आजार आजच्या तारखेला आधीपासूनचाच ठरतो. म्हणजे ८,५०० रुपये जास्त भरून, वेटिंग लावलं नाही असं धरलं तरी, तुमच्या दराने जेमतेम ३,६०० रुपयांची सेशन पदरात पडतात, आणि तीही तुमच्या डॉक्टरांनी ज्यांचं नाव सुचवलं त्यांच्याकडे नाहीत. हा व्यवहार तुमच्या फायद्याचा नाही.

आता फॉर्मवर न लिहिण्याचं. यावर मी जरा कडक बोलणार आहे. माझ्या वडिलांच्या पॉलिसीच्या वेळी आमच्याही घरी असंच कुणीतरी सांगितलं होतं, रक्तदाबाचं कशाला लिहिता. आम्ही ऐकलं. दोन वर्षांनी वडील दाखल झाले तेव्हा कंपनीने जुन्या चिठ्ठ्या मागवल्या, त्यात रक्तदाबाची गोळी सापडली आणि दावा फेटाळला. भरलेले हप्ते गेलेच, वर कर्ज झालं. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या असलेल्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. पाच वर्षं हप्ते भरले की कंपनी जुनं उकरत नाही असं काही एजंट सांगतात. ६० महिन्यांचा तो नियम खरा आहे, पण फसवणूक सिद्ध झाली तर त्याचं संरक्षण मिळत नाही. तेव्हा गोळीचं नाव, कधीपासून, कुणी दिली, सगळं लिहा. फार तर कंपनी वेटिंग लावेल, हप्ता वाढवेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हटलं तर लेखी कारण मागा.

आता खर्च. १२ सेशनचे १०,८०० रुपये एकदम द्यायचे नाहीत. आठवड्याला एक धरलं तर महिन्याला ३,६००, तीन महिने. तुमच्या शिलाईच्या पैशांतून हे निघतं, हात आखडेल पण निघतं. येळ्ळूर ते बेळगाव बसभाडं तुम्हाला नाही, २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आधार कार्ड पर्समध्ये असू द्या. सहाव्या सेशनला सायकॉलॉजिस्टना सरळ विचारा की पुढची सेशन पंधरा दिवसांनी चालतील का. पैशाचं बोलायला लाजू नका, त्यांना ते रोजचं आहे. आणि दरवेळी पावती घ्या, नाव, तारीख, त्यांचा नोंदणी क्रमांक असलेली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पहिल्याच दिवशी ते बघून घ्या, कारण 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावतं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नवऱ्याच्या पगाराची पावती काढून बघा. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापला जात असणार. ०.७५ टक्क्याने महिन्याला १४९ रुपये होतात. कारखाना वरून ३.२५ टक्के भरतो. हे पैसे वर्षानुवर्षं जातात आणि आपल्याकडची कितीतरी घरं ते कार्ड कपाटातून बाहेर काढत नाहीत. ईएसआयमध्ये बायको-मुलं येतात, ओपीडी येते, औषधं येतात, दाखल व्हावं लागलं तर तेही येतं, आणि आधीपासूनचा आजार म्हणून वेटिंग नाही. तुमचं नाव कुटुंबात नोंदलं आहे का ते आधी पाहा, नसेल तर कारखान्याच्या ऑफिसातून घालून घ्या. मग मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा, तीच औषधं मागा, तज्ज्ञांकडे रेफर करायला सांगा. १,१०० रुपयांतले बरेचसे वाचतील. सेशनही तिथून मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर तेवढाच खर्च तुमचा. तोवर गोळी मात्र एक दिवसही स्वतःहून बंद करू नका.

सरकारी योजनांबद्दल दोन ओळी, कारण गावात कुणीतरी सांगेलच. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक असो, की सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये जाहीर केलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना, दोन्हीत ठराविक उपचारांची यादी आहे आणि मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णाचा विचार आहे. आठवड्याच्या सेशनसाठी त्यांच्या मागे लागून दिवस घालवू नका. पैसे अगदीच आटले तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे, नाही तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था. आणि रात्री दोन वाजता धडधड सुरू झाली, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. अशा वेळी मनातलं सांगायला आपलीच भाषा लागते.

मग पॉलिसी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण साधी, १९,००० वाली, आणि पाच महिन्यांनी ठेव पिकल्यावर त्याच पैशांतून. कारण असं की नवऱ्याची एखादी पगारवाढ झाली आणि पगार २१,००० च्या वर गेला, की ती सहामाही संपल्यावर ईएसआयची कपात थांबते आणि पुढे काही महिन्यांनी त्याचे उपचारही बंद होतात. त्या दिवशी घर उघडं पडायला नको, आणि वेटिंगचे महिनेही जितके लवकर सुरू होतील तितके बरे. घेताना मानसिक आजारासाठी वेगळी, कमी मर्यादा घातली आहे का ते वाचा. काही पॉलिसींत ती असते, तशी असेल तर दुसरी बघा. हप्त्यावर जीएसटी लावला असेल तर विचारा, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. कागद हातात आल्यावर ३० दिवसांत पटलं नाही तर परत करता येते.

"नुसतं बोलायला पैसे कशाला" याला घरात काय उत्तर द्यायचं, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. हृदयाच्या तपासण्यांची बिलं शोधून नवऱ्यासमोर ठेवा आणि दोघं मिळून बेरीज करा. ईसीजी, टू-डी एको, रक्त, दोन वेळा रात्री रिक्षा करून नेलं ते. ती बेरीज १०,८०० च्या आसपास पोचेल असा माझा अंदाज आहे, आणि त्या पैशांनी झोप आली नव्हती. पहिल्या सेशनला नवऱ्यालाही बरोबर न्या. अर्ध्या दिवसाची रजा गेली तर जाऊ दे.