पेटंट असलेले महागडे औषध स्वस्तात उपलब्ध करून देण्याचा कायदेशीर मार्ग भारतात आहे का?

होय, आहे. पेटंट मिळून तीन वर्षे उलटल्यावरही ते औषध लोकांना वाजवी किमतीत किंवा पुरेशा प्रमाणात मिळत नसेल, तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 84 खाली दुसऱ्या उत्पादकाला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविनाही ते औषध बनवून विकण्याची परवानगी, मागता येतो.

बायर कंपनीचे नेक्साव्हर हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील औषध याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या 120 गोळ्यांना, म्हणजे रुग्णाच्या एका महिन्याच्या मात्रेला, सुमारे 2 लाख 80 हजार रुपये मोजावे लागत. 9 मार्च 2012 रोजी पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला परवाना देताना तेवढ्याच गोळ्या 8,880 रुपयांच्या आत विकण्याची अट घातली आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हा परवाना कायम ठेवला. कर्करोगाच्या उपचारासाठी घरदार विकणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने या दोन आकड्यांतले अंतर किती मोठे आहे, हे वेगळे सांगायला नको.

यात पेटंट मात्र रद्द झाले नाही, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. नॅटकोने विक्रीवर बायरला 6 टक्के रॉयल्टी द्यायची होती, ती अपिलात 7 टक्के झाली. संशोधकाचा मोबदला असा शाबूत राहतो, म्हणूनच ही तरतूद मला न्याय्य वाटते.

अर्जापूर्वी उत्पादकाने पेटंटधारकाकडे वाजवी अटींवर स्वेच्छा परवाना मागितलेला असणे सर्वसाधारणपणे अपेक्षित असते आणि नॅटकोनेही आधी तसे पत्र बायरला पाठवले होते.