कळ दाबली, अक्षर उमटेना

प्रश्न : माझ्या चार कोअरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. मुलीच्या नाचाचा व्हिडिओ एफएफएमपेगने लहान करायला लावला की टायपिंग अडखळतं. कुणाला आधी पाळी द्यायची, हे संगणक ठरवतो कसं? – एक वाचक, मिरज

उत्तर : लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, वाण्यासारखी वही ठेवतो. २००७ साली इंगो मोलनार यांचा सीएफएस हा शेड्यूलर, म्हणजे पाळ्या लावणारा भाग, लिनक्समध्ये आला. ज्याच्या खात्यावर प्रोसेसरचा वेळ सर्वांत कमी, त्याला पुढची पाळी. तुमचा एडिटर (टायपिंगचा प्रोग्रॅम) दोन कळांच्या मध्ये चक्क झोपलेला असतो, म्हणून खर्च नगण्य. जागा झाला की पुढे घुसतो. २०२३च्या ६.६ आवृत्तीपासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ हा शेड्यूलर आला, तो कुणाचं काम कधीपर्यंत व्हायला हवं ही मुदतही बघतो.

पण एफएफएमपेग चारही कोअर अडवून बसतं. त्या आज्ञेआधी ‘नाइस -एन १९’ (nice -n 19) लिहा. पाळी वाटताना साध्या प्रोग्रॅमचं वजन १०२४ धरतात, याचं अवघं १५! एकाच कोअरवर दोघांत ओढाताण झाली तर याला दीड टक्काही मिळत नाही. कोअर रिकामा असेल तर मात्र पूर्ण मिळतो, त्यामुळे रात्री लावलंत तर काम रेंगाळणार नाही. (घाईत मी एकदा रूट (सर्वाधिकारी) होऊन उलटं, उणे २० दिलं होतं. माउसचा बाणही हलेना.)

तरीही अडखळलं तर ‘फ्री -एच’ (free -h) देऊन स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर वापरली जाणारी जागा, किती भरली ते बघा. रॅम भरून डिस्क घरघरत असेल, तर शेड्यूलर बिचारा काय करणार? आधी ब्राउझरचे टॅब मिटा.