साइटवरच्या तात्पुरत्या केबिनची परवानगी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुख्य बांधकामाची परवानगी मिळाली आहे. साइट ऑफिसचा कंटेनर पाया न घालता नुसता ठेवायचा आहे. तरी वेगळी परवानगी लागेल का?

उत्तर: बहुतेक ठिकाणी लागते. पाया नाही, उद्या उचलून नेऊ, एवढ्यावर सुटका होत नाही. आत माणसं बसणार की झोपणार, किती महिने आणि वीज-सांडपाणी जोडणार का, हे पाहिलं जातं. मुख्य परवानगीत साइट ऑफिस धरलेलं असलं तरी कामगारांची निवासी केबिन किंवा विक्री कार्यालय त्यात आपोआप येत नाही. मंजुरीपत्रातल्या अटी आधी वाचा, शंका असेल तर लेखी विचारा.

अर्ज अडतो तो बहुधा नकाशावर. नुसता चौकोन काढून भागत नाही. हद्द, खोदकामाची कड, वरून जाणाऱ्या वीजतारा यांपासूनची अंतरं मीटरमध्ये लिहा. क्रेनच्या बूमचा, म्हणजे लांब हाताचा, फेरा वर्तुळाने दाखवा आणि केबिन त्याबाहेर ठेवा. खड्डा ४ मीटर जाणार असेल, तर केबिन कडेपासून निदान ४ मीटर लांब हवी. माती भुसभुशीत असेल तर आणखी. इथे आजची नव्हे, शेवटची खोली धरायची. कंटेनर आधी ठेवला जातो, खोदकाम मागून त्याच्याकडे सरकतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात कड ढासळते.

प्रश्न: जागा कमी म्हणून २० फुटी दोन कंटेनर एकावर एक ठेवणार आहोत. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागितला आहे. एवढ्याशा गोष्टीला?

उत्तर: मागणी अगदी रास्त आहे. रिकामा कंटेनर सुमारे २.२ टनांचा, लांब बाजू साधारण १५.७ चौरस मीटरची. ताशी १४४ किलोमीटरच्या वाऱ्यात त्या बाजूवर, मागच्या बाजूने वारा ओढतो तो जोर धरून, सुमारे १.८ टनांचा रेटा येतो. जमिनीशी घर्षण जेमतेम १ टन. म्हणजे एकटा कंटेनरही सरकू शकतो, उलटण्यापासून थोडक्यात वाचतो. दुसरा वर चढवला की वजन दुप्पट होतं, पण उलटवणारा जोर चौपट, आणि गणित फिरतं. सँडविच पॅनेलच्या, म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये थर भरलेल्या, केबिन याहून हलक्या, म्हणून त्यांचं आणखी अवघड.

दोन्ही कंटेनर चारही कोपऱ्यांत ट्विस्ट लॉकने, म्हणजे फिरवून बसणाऱ्या लोखंडी कुलपांनी, जोडा. खालचा काँक्रीटच्या ब्लॉकवर समपातळीत बसवून त्यांना पक्का जखडा. ब्लॉक किती वजनाचे हवेत, ते इंजिनिअरकडून ठरवून घ्या. सुट्या विटांच्या थप्पीवर कधीही ठेवू नका. जिना बाहेरून, कठड्यासह, आणि तोही नकाशात.

प्रश्न: ऑफिसच्या केबिनमध्ये रात्री कामगार झोपले तर चालेल का?

उत्तर: नाही. वापर बदलला की सुधारित परवानगी लागते. झोपलेल्या माणसाला आग उशिरा कळते, आणि थर्माकोल किंवा पफ (प्लास्टिकचा फोम) भरलेल्या पॅनेलचा धूर त्याआधीच जीव घेऊ शकतो. रॉकवूल (दगडापासून केलेले, न जळणारे तंतू) भरलेले पॅनेल घ्या. एकमेकांपासून लांब दोन दारं, बाहेर उघडणारी. खिडक्यांना कायमचे गज नकोत. धुराचा अलार्म हवा. स्वयंपाक आणि गॅस सिलिंडर वेगळ्या जागी. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

मुदत संपण्याच्या पुरेसं आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. काम लांबलं, हे मुदत उलटल्यावर सांगून उपयोग होत नाही.