वाचकांचे प्रश्न : बोगद्यातून सुटण्याची वाट

प्रश्न : 'द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री' हा १९७४ चा चित्रपट नुकताच पाहिला. चार सशस्त्र माणसे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक डबा बोगद्यात थांबवून प्रवाशांना ओलीस धरतात. वर पोलीस, पुढेमागे पोलीस. अशा बिळात शहाणा चोर शिरेलच कशाला? हा पटकथेचा दोष नव्हे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोष नव्हे, सारी गंमत तिथेच आहे. (चित्रपट न पाहिलेल्यांनी पुढचा परिच्छेद वगळावा.)

आपल्या लोकलच्या मोटरमनप्रमाणे तिथल्या मोटरमनलाही गाडी चालत असताना हँडल दाबून धरावे लागते आणि हात सुटला की ब्रेक लागतो. त्यामुळे गाडी धावते आहे म्हणजे चोर गाडीतच आहेत, असे पोलीस धरून चालतात आणि तिच्या मागे दक्षिणेकडे धावत सुटतात. चोरांपैकी ग्रीन हा नोकरीवरून काढून टाकलेला मोटरमन. त्याने हे हँडल दाबलेले ठेवणारी युक्ती आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे चोर उतरून गेले तरी गाडी धावतच राहते. म्हणजे ज्या सुरक्षेवर पोलिसांचा विश्वास, तिचीच वाट करून चोर निघतात.

मला मात्र या युक्तीहून अधिक मोह पडतो तो दहा लाख डॉलर्सच्या खंडणीभोवती उडालेल्या सरकारी धांदलीचा. मुदत एका तासाची, नंतरच्या प्रत्येक मिनिटाला एक बळी, आणि निर्णय घ्यायचा तो फ्लूने अंथरुणाला खिळलेल्या, मतांची गणिते मांडणाऱ्या महापौरांनी! नोटा मोजून गड्ड्या बांधायच्या, त्या वाहतुकीतून शहरभर न्यायच्या. त्यात पैशांची गाडीच उलटते, तेव्हा वॉल्टर मॅथाऊचा पेंगुळल्या चेहऱ्याचा, चोरांशी बोलणी करणारा रेल्वे पोलिसांतला लेफ्टनंट गार्बर वायरलेसवरून पैसे पोहोचल्याची बेधडक थाप मारतो. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांनी हा ताण गोळीबारापेक्षा कारकुनी कामातून वाढवला आहे. समोर रॉबर्ट शॉचा थंड, शब्दकोड्यात रमलेला चोरांचा म्होरक्या ब्लू आहे, म्हणून गार्बरची कुरकुर अधिकच माणसाची वाटते. डेव्हिड शायर यांचे सप्तकातल्या बाराही स्वरांना सारखेच स्थान देणाऱ्या पद्धतीवर रचलेले पितळी वाद्यांचे संगीतही त्या शहरासारखेच खडबडीत आहे.

डबे इतके स्वच्छ कसे, असे वाटले असेल तर ते रास्तच आहे. त्या काळी तिथल्या गाड्या रंगीत अक्षरांनी बरबटलेल्या असत, परंतु रेल्वे प्रशासनाने ती पडद्यावर दाखवू दिली नाहीत. शीर्षकातील आकडे पेलहॅम बे पार्क स्थानकातून १ वाजून २३ मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीचे. चित्रपटानंतर ही वेळ वेळापत्रकात अनेक वर्षे टाळली जात होती, असे सांगतात. २००९ ची नवी आवृत्ती चकचकीत आहे, एवढेच.

चित्रपट पुन्हा पाहिलात तर ग्रीनच्या सर्दीकडे सुरुवातीपासून कान ठेवा. प्रत्येक शिंकेला गार्बर वायरलेसवरून सवयीने जे म्हणतो, ते शेवटच्या दृश्यात दारापलीकडून पुन्हा ऐकू येते, आणि मग मॅथाऊचा तो चेहरा!