ॲप आधी कोणत्या फोनसाठी? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. अँड्रॉइड आणि आयफोन यांचा बाजारातील वाटा पाहून ॲपविषयीचे निर्णय कसे घेतले जातात आणि कसे घ्यावेत, हा तो विषय असल्यामुळे तिन्ही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : लालबागमध्ये आम्हा चौदा महिलांचा बचत गट पोळीभाजी केंद्र चालवतो. रोजचे डबे परळ आणि लोअर परळच्या कार्यालयांत जातात, शिवाय दिवाळीत फराळाची खोकी परदेशातही पोहोचतात. मागणी नोंदवण्यासाठी ॲप करून घ्यायचे आहे, पण दोन्ही प्रकारच्या फोनसाठी एकदम करून घेण्याइतकी शिल्लक गटाकडे नाही. माझा भाचा म्हणतो, "मावशी, भारतात शंभरातले पंचाण्णव फोन अँड्रॉइडचे आहेत, आयफोनचे विसर." ॲप करून देणारे म्हणतात की खर्च करणारे गिऱ्हाईक आयफोनवर असते. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, भाच्याचा आकडा बरोबर आहे आणि ॲप करून देणाऱ्यांचे म्हणणेही निराधार नाही. अडचण एवढीच आहे की दोघांपैकी कोणीही आपल्या गिऱ्हाइकांविषयी बोलत नाही.

संकेतस्थळांना कोणत्या फोनवरून भेटी दिल्या जातात हे मोजले, तर भारतात अँड्रॉइडचा वाटा सुमारे ९५ टक्के येतो. हाच वाटा जगभरात सुमारे ७० टक्के आहे आणि अमेरिकेत तर निम्म्याहून अधिक फोन आयफोन आहेत. म्हणजे देश बदलला की उत्तर बदलते, आणि माझ्या मते एकाच शहरात वस्ती बदलली तरी ते बदलते. संपूर्ण लोकलची सरासरी गर्दी कळली म्हणून दादरला आपल्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळेल की नाही हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. लालबागच्या चाळीत डबा घेणारे कुटुंब, लोअर परळच्या काचेच्या इमारतीत काम करणारा अधिकारी आणि न्यू जर्सीहून आईवडिलांच्या हाताची आठवण काढत चकली मागवणारी मुलगी हे तिघेही आपलेच गिऱ्हाईक आहेत, पण तिघांच्या हातातला फोन एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पंधरा दिवस मागणीच्या वहीत एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला कोणता फोन वापरता एवढेच विचारून नोंद करावी. त्या वहीतून निघणारा आकडा देशाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा आपल्या उपयोगाचा असेल.

आता "आयफोनवाले खर्च करतात" या विधानाकडे येऊ. ॲपलच्या ॲप स्टोअरवर लोक गूगलच्या प्ले स्टोअरच्या जवळपास दुप्पट पैसे खर्च करतात, असे बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे अंदाज गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत, आणि प्ले स्टोअरवरून उतरवल्या जाणाऱ्या ॲपची संख्या कितीतरी जास्त असूनही हे घडते. मात्र हा खर्च मुख्यतः खेळातील नाणी, चित्रपटांची वर्गणी अशा डिजिटल वस्तूंवरचा आहे आणि तो साऱ्या जगाचा मिळून आहे. त्यावरून डब्याचा हिशेब मांडणे चुकीचे ठरेल. याच ठिकाणी एक दिलासाही आहे. दोन्ही दुकाने डिजिटल विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत, तर लहान व्यावसायिकांकडून १५ टक्के दलाली घेतात, परंतु डबा किंवा फराळ ही प्रत्यक्ष हातात पडणारी वस्तू असल्यामुळे तिच्या किमतीवर ही दलाली लागत नाही. आपल्याला दुकानाला द्यावे लागेल ते केवळ खात्याचे शुल्क, म्हणजे गूगलकडे एकदाच २५ डॉलर आणि ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर.

खरा खर्च ॲप बनवण्याचा आणि पुढे ते चालू ठेवण्याचा असतो, आणि तेथे वाट्याचा आकडा फसवतो. अँड्रॉइडचे ९५ टक्के हा एकसंध गठ्ठा नाही. त्यात अनेक कंपन्यांची असंख्य मॉडेल आहेत, अँड्रॉइडच्या जुन्यानव्या आवृत्त्या आहेत, आणि साठवणीची जागा संपत आलेले पाचसहा वर्षांपूर्वीचे फोनही आहेत. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप परस्पर बंद करतात, आणि मग "डबा निघाला" हा आपला संदेश गिऱ्हाइकापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. आयफोनची मॉडेल मोजकी असल्यामुळे तेथे ही तपासणी पुष्कळ सोपी जाते. म्हणून अँड्रॉइड ॲप करून घेणार असाल, तर ते गटातल्या महिलांच्या स्वतःच्या, साध्या आणि जुन्या फोनवर चालवून दाखवावे अशी अट करारातच घालावी.

आपल्या जागी मी असतो तर पहिला पैसा ॲपवर घातला नसता. दोन्ही फोनवर उघडणारे, मागणी आणि पैसे दोन्ही घेणारे, नीट मराठीतले एक संकेतस्थळ आधी करून घेतले असते. परदेशातल्या फराळाच्या गिऱ्हाइकाला वर्षातून एकदाच येण्यासाठी ॲप नकोच असते. असे संकेतस्थळ फोनच्या पहिल्या पडद्यावर ॲपसारखे ठेवता येते, आणि मार्च २०२३ मध्ये आलेल्या सुधारणेपासून तसे ठेवलेल्या संकेतस्थळाच्या सूचना आयफोनवरही मिळू शकतात. रोजचे डबेवाले गिऱ्हाईक वाढले आणि वहीतला रकाना तसे सांगू लागला, की मग अँड्रॉइड ॲप करावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला ॲप विकासातच नोकरी करायची आहे. भारतात आयफोन इतके कमी असतील, तर स्विफ्ट ही आयफोनची ॲप लिहिण्याची भाषा शिकणे वाया जाईल का? मॅक संगणकासाठी बाबांकडे पैसे मागणे मला योग्य वाटत नाही.
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : वाया जाणार नाही, पण सुरुवात तेथून करण्याची गरजही नाही. मुंबई आणि नवी मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्या भारतीय ग्राहकांप्रमाणेच परदेशी ग्राहकांसाठीही ॲप बनवतात, आणि ज्या देशाचा ग्राहक, त्या देशातला वाटा कामाचा क्रम ठरवतो. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये केवळ आयफोनवर आले आणि अँड्रॉइडवर यायला त्याला एप्रिल २०१२ उजाडले. उलट आपल्याकडे ३० डिसेंबर २०१६ रोजी भीम ॲप आले ते आधी अँड्रॉइडवर, आणि आयफोनवर ते पुढच्या फेब्रुवारीत पोहोचले. दोन्ही निर्णय आपापल्या वापरकर्त्यांकडे पाहून घेतलेले होते.

आयफोनचे ॲप बांधण्याची ॲपलची साधने फक्त मॅकवर चालतात, तर अँड्रॉइडची साधने साध्या लॅपटॉपवर चालतात. म्हणून हाताशी असलेल्या लॅपटॉपवर कोटलिन ही अँड्रॉइडची ॲप लिहिण्याची भाषा मन लावून शिका. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांत एकदा लिहिलेले बरेचसे काम दोन्ही फोनवर चालते आणि लहान कंपन्यांचा ओढा तिकडे आहे, पण एका फोनचे अंतरंग नीट माहीत असल्याशिवाय त्या साधनांत अडकलेली गाठ सोडवता येत नाही. शक्य झाल्यास शिकतानाच एक छोटे ॲप प्ले स्टोअरवर चढवा. नव्या वैयक्तिक खात्याला त्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, आणि वर्गातले मित्र त्यासाठी पुरेसे आहेत. मॅक नोकरी देणारी कंपनी देईल.

प्रश्न : पूर्वी नोकिया, ब्लॅकबेरी, विंडोज असे अनेक पर्याय दुकानात दिसत. आता दोनच का उरले, आणि तिसरा येऊ शकेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड

उत्तर : विंडोज फोनचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. तो २०१० मध्ये आला, २०११ मध्ये नोकियासारखी कंपनी त्याच्याशी जोडली गेली, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसायच विकत घेतला. फोन देखणे होते, वेगही चांगला होता. मात्र वापरणारे थोडे म्हणून ॲप बनवणारे येईनात आणि ॲप नाहीत म्हणून वापरणारे येईनात, हे चक्र ॲप बनवणाऱ्यांना पैसे देऊ करूनही तुटले नाही. इन्स्टाग्राम तेथे पोहोचले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये. २०१९ च्या अखेरीस व्हॉट्सॲपने या फोनची साथ सोडली. ब्लॅकबेरीने २०१३ च्या नव्या फोनांत अँड्रॉइडची ॲप चालवण्याची सोय केली, पण त्यामुळे ब्लॅकबेरीसाठी वेगळे काम करण्याचे कारणच उरले नाही.

वाटा पुरेसा मोठा असेल, तर मात्र ॲप बनवणारे अवघड जागीही येतात. २०१७ च्या जिओफोनला बटणे होती आणि पडदा चिमुकला होता, तरी कोट्यवधी हातांत तो गेल्यामुळे सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप त्यावर आले. चीनमध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गूगलच्या सेवा गमावलेल्या ह्वावे कंपनीने स्वतःची हार्मनी प्रणाली उभी केली आणि २०२४ मध्ये तिच्या नव्या आवृत्तीतून अँड्रॉइडची ॲप पूर्णपणे वगळली. देशातच एवढे ग्राहक पाठीशी असल्यामुळे तेथील ॲप बनवणाऱ्यांना तिच्यासाठी वेगळे काम करणे परवडले.

आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आश्रयाने भारओएस ही फोन चालवणारी प्रणाली मांडण्यात आली. ती अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावरच बेतलेली आहे. अशा कोणत्याही प्रयत्नाबद्दल मला मनापासून आस्था वाटते, पण मुलुंडच्या भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देता आले नाहीत आणि बँकेचे ॲप उघडले नाही, तर तो फोन आपण स्वतःसुद्धा दुसऱ्या दिवशी खिशात ठेवणार नाही. ती दोन कामे ज्या दिवशी बिनबोभाट होतील, त्या दिवसापासून तिसऱ्या पर्यायाचा वाटा मोजायला हरकत नाही.