पोट रिकामं ठेवून अंग वर जात नाही

«ताई, वय 54. तीन बाळंतपणं झाली. द्राक्षबागेत रोजाने जाते. दोन वर्षांपासून अंग खाली येतंय. संडासला खूप कुंथावं लागतं, बोटाने दाबल्याशिवाय साफ होत नाही. लाज वाटते, कुणाला सांगितलं नाही. शेजारीण म्हणाली, पोट हलकं ठेव, अंग वर जाईल. म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय. — तासगाव तालुक्यातून»

आज रात्रीपासून जेवायला बसा, बाकीचं मग.

अंग खाली येणं म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकणं. पोटात चोथाच गेला नाही तर मळ खडा होतो, मग कुंथणं आलं. बाळंतपणांनी आणि पाळी गेल्यावर सैल झालेल्या खालच्या स्नायूंवर त्याचाच रोज जोर पडतो. शिवाय योनीची मागची भिंत पुढे फुगली की मळ त्या खोलगटात अडकतो. बोटाने दाबावं लागतं ते बहुधा त्यामुळेच. स्त्रीरोगतज्ज्ञांना यात नवल वाटत नाही. त्यांना हे मुद्दाम सांगा, निदानाला उपयोग होतो.

पाण्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज येतो. बागेत आडोसा नाही, म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढायचं आणि कळ आली तरी दाबायची. दाबली की आतडं मळातलं पाणी शोषतं, तो आणखी घट्ट होतो. वेलींना ड्रिपने वेळच्या वेळी पाणी मिळतं, बायकांना मात्र चार पत्र्यांचा आडोसा मिळत नाही! सगळ्याजणी मिळून मालकाला सांगा.

भाकरीचं पीठ चाळू नका. मटकी, घेवडा, मेथी, पेरू खा. बेदाणा तर तुमच्या दारातच पिकतो, रात्री थोडा भिजवून सकाळी खा (साखरेचा आजार नसेल तर). दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जावा, पण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. इसबगोल पेलाभर पाण्यातूनच घ्या. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही मळ घट्ट होतो, चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि ‘मिशरीशिवाय होत नाही’ म्हणून ती लावत असाल तर सोडा, तंबाखूच ती.

सकाळी चहा-न्याहारीनंतर कळ येते, तेव्हाच जा. श्वास रोखून जोर करू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या.

एवढ्याने खाली आलेलं अंग वर जाणार नाही, हे स्पष्टच सांगते. त्रास वाढू नये म्हणून हे सगळं. त्यापुढे स्नायूंचे व्यायाम, आत बसवायची रिंग किंवा ऑपरेशन, यातलं काय लागेल ते तपासून ठरतं. लघवी अडली, रक्त गेलं किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम झाली तर त्याच दिवशी जा.

मिरजेच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. केसपेपरच्या खिडकीवर रांगेत सगळं सांगत बसायची गरज नाही, ‘बायकांच्या डॉक्टरला दाखवायचंय’ एवढं पुरे.