मार खाणारा नायक

प्रश्न : विल आयस्नर यांच्या ‘द स्पिरिट’ या गुन्हेगारी चित्रकथांचा एक संग्रह मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला. त्याची पारायणे करून मी मोठ्या अपेक्षेने २००८ सालचा चित्रपट पाहिला आणि अर्ध्या तासात कंटाळलो. चित्रकला शिकणारा माझा पुतण्या म्हणतो, ‘काका, प्रत्येक चौकट चित्रासारखी आहे, मग तक्रार कसली?’ दिग्दर्शक फ्रँक मिलर स्वतः चित्रकथाकार असताना असे का व्हावे? चित्रकाराला चित्रपट जमत नाही, असे समजावे काय?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : शेवटची शंका आधी घेतो, कारण ती कोल्हापूरकराने विचारावी याची गंमत वाटली. आपल्या शहरात चित्रपटनिर्मितीचा पाया घालणारे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच कॅमेऱ्याकडे वळले होते. त्यांच्या ‘सावकारी पाश’च्या बोलपटातील अंधुक उजेडातली झोपडी आणि कुत्र्याचे रडणे यांची आठवण निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी फार भारावून सांगितली आहे. तेव्हा चित्रकाराचा हात आड येत नाही. मात्र तो अंधार त्या झोपडीतल्या माणसांचा होता. मिलर यांनी इथे वापरलेला अंधार त्यांच्याच आधीच्या कामातून उचललेला आहे.

आपल्या पुतण्याचे निरीक्षण चुकीचे नाही, पण त्या चौकटी आयस्नर यांच्या चित्रांसारख्या नाहीत. काळापांढरा पडदा आणि त्यात मधूनच भडक लाल टाय, ही रीत ‘सिन सिटी’ची, मिलर यांच्या त्या चित्रकथेवरचा चित्रपट त्यांनी २००५ साली रॉबर्ट रॉड्रिग्ज यांच्यासह दिग्दर्शित केला होता. तिथे ती शोभली, कारण मूळ कथाही तितकीच निष्ठुर होती. ‘द स्पिरिट’ मात्र १९४० ते १९५२ या काळात रविवारच्या वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवणीतून घरोघरी जात असे आणि त्यातले शहर पावसाने निथळणाऱ्या गल्ल्यांचे, लाकडी धक्क्यांचे, दाटीवाटीच्या इमारतींच्या जिन्यांचे आणि तिथल्या सामान्य माणसांचे होते. १९४८ सालच्या एका गोष्टीत श्नॉबल नावाचा साधा माणूस आपल्याला उडता येते हे जगाला दाखवण्यासाठी उंच इमारतीवरून झेप घेतो आणि गच्चीवरच्या चकमकीतली एक भरकटलेली गोळी लागून मरतो. त्याचे उडणे कोणी पाहिलेलेच नसते. नायक त्याच गच्चीवर झुंजत असतो, पण त्यालाही पत्ता लागत नाही. एवढी करुणा चित्रपटात शोधूनही सापडत नाही.

माझ्या मते खरा घात नायकाच्या बाबतीत झाला आहे. कागदावरचा डेनी कोल्ट हा मेला असे समजून पुरला गेलेला आणि पुढे स्मशानभूमीतच मुक्काम ठोकलेला गुप्तहेर आहे. तो भरपूर मार खातो, त्याचे कपडे फाटतात आणि म्हणूनच त्याची काळजी वाटते. चित्रपटाने त्याला जखमा आपोआप भरून काढणाऱ्या औषधाची देणगी दिली. मग सुरुवातीच्या चिखलातल्या मारामारीत त्याच्या डोक्यात चक्क कमोड आदळला, तरी प्रेक्षकाने घाबरावे कशाला? ज्या कुस्तीत कोणाचीच पाठ लागणार नाही, ती पाहायला खासबाग मैदानात कोण बसून राहील?

खलनायकाचेही तसेच. आयस्नर ऑक्टोपसचा चेहरा दाखवत नसत; दिसत ते फक्त हातमोजे, बाकीचे वाचक मनात रंगवीत असे. चित्रपटात सॅम्युअल एल. जॅक्सन तऱ्हेतऱ्हेचे पोशाख बदलत, अखंड बोलत समोर उभे राहतात. नट समर्थ आहे, परंतु भीती उरत नाही.

मुळाबरहुकूम वागले नाही, अशी मात्र माझी तक्रार नाही. ‘रोड टू पर्डिशन’ (२००२) हाही एका चित्रकथेवरचाच चित्रपट. सॅम मेंडिस यांनी त्यात बरेच बदल केले, पण बाप-लेकाचा प्रवास जपला आणि पावसातल्या गोळीबारात गोळ्यांचा आवाजच काढून टाकला. (कागदावरच्या गोळीला तरी आवाज कुठे असतो?)

आपल्या संग्रहात श्नॉबलची गोष्ट असल्यास ती पुतण्याला वाचायला द्यावी आणि अखेरच्या पानावर नायक चित्रात कुठे आणि किती दिसतो, हे त्याला शोधायला सांगावे.